माणिकुन्नमची भावी टिंबटिंब

आमच्या माणिकुन्नममध्ये बारावीचा निकाल लागला की काही दिवस आभाळ कमी दिसतं. चौकात, चर्चच्या कुंपणावर, रबर सोसायटीच्या भिंतीवर, जिथे म्हणून दोन खिळे आणि वावभर सुतळी मिळेल तिथे पास झालेल्या पोरापोरींचे फ्लेक्स लागतात. सकाळी मासे आणायला निघालेल्या माणसाला दुतर्फा उभ्या असलेल्या भावी डॉक्टरांच्या नजरेखालून जावं लागतं. परगावच्या पाहुण्याने पत्ता विचारला तर लोक सांगतात, "सरळ जा, दुसऱ्या डॉक्टरपाशी डावीकडे वळा, मग इंजिनिअर लागेल, त्याच्या मागचं घर."

त्या रांगेत माझी मुलगी नव्हती.

ट्रीसाचे गुण चांगलेच होते. सहा विषयांपैकी चारांत ए प्लस, एकात ए आणि रसायनशास्त्रात बी. बी काही वाईट नाही. इंग्रजी मुळाक्षरांत तिच्या पुढे एकच अक्षर आहे. हे मी बँकेत चार जणांना समजावून सांगितलं. चौघांनीही माझ्या खांद्यावर हात ठेवला, ते मात्र मला आवडलं नाही.

त्यातून शेजारी वर्की चेट्टन. अर्धं आयुष्य कुवेतला काढून आलेला हा गृहस्थ आमच्या समोरच राहतो आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीत मोठा भाऊ म्हणून बोलतो, म्हणून सगळे त्याला चेट्टनच म्हणतात. त्याच्या नातवाला, जोबिनला, सहाच्या सहा ए प्लस. निकालाच्या संध्याकाळीच आमच्या फाटकासमोर जोबिनचा फ्लेक्स उभा राहिला. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, खाली 'आमचा भावी डॉक्टर'. कोट आणि स्टेथोस्कोप कॉम्प्युटरवर चढवलेले होते हे उघड दिसत होतं, कारण जोबिनची मान कोटाच्या जरा डावीकडून निघाली होती. तरीही रोज सकाळी पेपर उचलायला मी वाकलो की हा मुलगा वरून माझ्याकडे बघून हसायचा. वयाच्या मानाने मी हे पुष्कळ दिवस सहन केलं.

"आपणही एक छोटासा लावू," एका संध्याकाळी मी लिस्सीला म्हणालो. "टॉवेलएवढा. आपल्याच फाटकावर."

लिस्सी, माझी बायको, प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडच्या बायका नवऱ्याला इच्चाया म्हणतात, तशी तीही म्हणते. समोरचा मुलगा चुकतोय हे कळल्यावरही त्याला वाक्य पूर्ण करू द्यायची तिची पद्धत आहे.

"आपल्या फाटकावरून जातं कोण, इच्चाया? मासेवाला आणि वर्की चेट्टनचा कुत्रा. ट्रीसा पास झालीय हे दोघांनाही माहीत आहे."

"प्रश्न माहितीचा नाही, कौतुकाचा आहे."

"मग तिचंच करा ना कौतुक. आत बसलीय."

मी आत डोकावलो. ट्रीसा खिडकीशी बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती.

"छान, मोळे," मी म्हणालो. पोरीला आमच्याकडे लाडाने मोळे म्हणतात.

"काय छान, अप्पा?"

मी जरा विचार केला. "आठळ्या," असं म्हणालो आणि बाहेर आलो. काही गोष्टी फ्लेक्सवरच नीट बोलता येतात.

बिजूचं दुकान बसस्टॉपच्या मागे आहे. लग्नाची निमंत्रणं, मयताचे फलक आणि अभिनंदनं तो एकाच यंत्रावर छापतो, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर कायम मधलाच भाव असतो. टॉवेलएवढा फ्लेक्स म्हटल्यावर त्याने मान हलवली.

"कापडाचा पन्हा ठरलेला असतो, सार. टॉवेल कापला तरी उरलेलं फुकट जाणार. त्यापेक्षा अख्खं घ्या."

"अख्ख्यात घालायचं काय?"

"पोरीचा फोटो, अभिनंदन, फुलं. शिवाय तुमचा फोटो. बाप आहात तुम्ही."

हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. योगायोगाने माझा एक फोटो खिशात होता, तो मी दिला. ट्रीसाचा मात्र परीक्षेच्या ओळखपत्रावरचाच काय तो मिळाला.

"आणि खाली?" बिजू म्हणाला. "भावी डॉक्टर, भावी इंजिनिअर, भावी कलेक्टर, भावी नर्स. चारही अक्षरं जुळवून तयार आहेत. बोला."

मी तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की बोलायला काही नाही. घरी हा विषय कधी निघालाच नव्हता. पोरगी हुशार आहे, म्हणजे काहीतरी होणार, इतपत आमचं ठरलेलं होतं. मी तिथूनच फोन लावला.

"मोळे, तू पुढे काय होणार आहेस?"

"आत्ता?"

"लगेच होऊ नकोस. नुसतं सांग. बिजू थांबलाय."

पलीकडून कुकरची एक शिट्टी ऐकू आली. मग दुसरी.

"माहीत नाही, अप्पा."

"अंदाजे?"

"अंदाजेही माहीत नाही."

फोन ठेवून मी बिजूला म्हणालो, इथे रेंज फार वाईट आहे. बिजूच्या चेहऱ्यावरचा मधला भाव हलला नाही. "तोवर टिंबं टाकून ठेवतो," तो म्हणाला. "कळलं की कळवा."

इथपर्यंत ही गोष्ट माझ्या हातात होती. पण त्या फोनच्या वेळी दुकानात एक गिऱ्हाईक उभं होतं, आणि आमच्या गावात एक गिऱ्हाईक पुरतं. संध्याकाळपर्यंत कुरियाकोसच्या, म्हणजे माझ्या (गाव मला नुसतं कुरियन म्हणतं), मुलीचं काही ठरलेलं नाही ही बातमी कुणीतरी आजारी पडल्यासारखी सगळीकडे पोचली आणि लोक भेटीला येऊ लागले.

वर्की चेट्टन आला तो थेट मुद्द्यावर. "डॉक्टर लिही आणि मोकळा हो. फ्लेक्स कुणी तपासायला येत नाही. आमच्या जोबिनला तरी अजून कुठे सीट मिळालीय?"

"पण तिला डॉक्टर व्हायचं नाही, चेट्टन."

"व्हायचं कोण म्हणतंय? लिहायचंय."

मग मागच्या गल्लीतली साराम्मा चेडत्ती, म्हणजे सगळ्या गावाची थोरली बहीण, आली. तिच्या दोन्ही मुली जर्मनीत नर्स आहेत, आणि कुठल्याही रस्त्याने निघालं तरी तिचं बोलणं शेवटी जर्मनीलाच उतरतं. "पोरगी कमी बोलते, हात हलका आहे," ट्रीसाकडे बघत ती म्हणाली. "जर्मन लोकांना अगदी अशीच लागते. पटकन भाषा शीक, पोरी. सोपी आहे. आपल्यासारखीच घशातून बोलतात."

"बघू, आंटी," ट्रीसा म्हणाली.

"बघू काय? तिकडे बर्फ पडतं!"

हे कारण म्हणून सांगितलं की सूचना म्हणून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ट्रीसाने पाहुण्यांना चहा दिला, ताटलीत केळ्याचे वेफर्स दिले, आणि प्रत्येकाला "बघू" दिलं. मी बँकेत लोकांना ठेवींचे प्रकार समजावतो तसे तिला अभ्यासक्रम समजावून बघितले. मुदत किती, परतावा किती, मधेच मोडली तर काय. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"लहानपणी तू बसकंडक्टर होणार होतीस," शेवटी मी म्हणालो.

"तेव्हा मी बालवाडीत होते, अप्पा."

"असशील. पण निदान ठरलेलं होतं."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती उठून आत गेली. लिस्सीने माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी मला वाक्य पूर्ण करू दिलं नाही.

इकडे बिजूचा निरोप आला की फ्लेक्सचं माप निघालंय आणि तो आमच्या फाटकापेक्षा रुंद आहे. लावला तर फाटक उघडणार नाही. म्हणजे चौकाशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि चौक म्हटलं की शाजी मेंबर.

शाजी आमच्या वॉर्डाचा पंचायत सदस्य. माणूस कामाचा, पण कुठलंही काम सरळ करायला त्याला कमीपणा वाटतो. "परवानगीला अर्ज करा," तो म्हणाला. "अर्ज समितीपुढे जाईल, समिती पुढच्या महिन्यात बसेल, तोवर पोरगी पदवीधर होईल. नाहीतर दुसरा मार्ग आहे. कोपऱ्यात माझा फोटो टाका. मग तो पक्षाचा फलक झाला. पक्षाच्या फलकाची परवानगी विचारायची कुणाची हिंमत आहे?"

एका कोपऱ्याने काय बिघडतं, असा मी विचार केला. मोठ्या चुका माझ्या हातून नेहमी कोपऱ्यातच सुरू होतात.

त्या रविवारी चर्चमधून बाहेर पडलो आणि तिघंही चौकात आलो. विजेचा खांब आणि समोरचं आंब्याचं झाड यांच्यामध्ये, कुंपणाच्या भिंतीच्या वर, फ्लेक्स ताणून बांधला होता. डावीकडे हात जोडलेला शाजी मेंबर, कमरेपर्यंत, जवळजवळ जिवंत माणसाएवढा. त्याच्या डोक्यावर पक्षाचे जिल्ह्याचे दोन पुढारी, गोल चौकटींत, देवदूतांसारखे. उजवीकडे मी. माझा फोटो बिजूने मोठा करताना मिशीवर कापला होता, त्यामुळे मी कुठल्यातरी भिंतीआडून डोकावतोय असं वाटत होतं. आणि मधे, गुलाबांच्या गुच्छात, पोस्टाच्या तिकिटाएवढी ट्रीसा. ओळखपत्रावरचा फोटो. गुन्हा कबूल करण्याच्या बेतात असलेला चेहरा.

खाली मोठ्या लाल अक्षरांत मजकूर होता. लिस्सीला राग आला की ती वर्गात वाचतात तसं मोठ्याने वाचते.

"माणिकुन्नमची भावी टिंब टिंब टिंब टिंब टिंब ट्रीसा कुरियाकोस हिचं हार्दिक अभिनंदन."

चर्चमधून बाहेर पडलेली निम्मी माणसं आमच्या मागे उभी होती. कुणी हसलं नाही, उलट सगळ्यांनी अगदी आदराने वाचलं. ते जास्त वाईट होतं. ट्रीसाने एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, ओढणी सारखी केली आणि एकटीच घराकडे चालायला लागली.

मी तसाच बिजूकडे गेलो. "टिंबं कशी राहिली?"

"तुम्ही कळवतो म्हणालात, सार. कळवलंच नाहीत. मेंबरांना घाई होती."

यावर भांडण करता येईना. माणूस खरं बोलत असला की मला भांडताच येत नाही, हा माझ्या स्वभावातला मोठा दोष आहे.

दुसऱ्या दिवसापासून टिंबं भरायला सुरुवात झाली. भिंतीवर चढलं की त्या ओळीला सहज हात लागत होता. पहिल्यांदा कुणीतरी खडूने 'कलेक्टर' लिहिलं. मला राग यायला हवा होता, पण अक्षर वळणदार होतं. दुपारी ते पुसून 'नर्स, जर्मनी' झालं. याबाबत मी कुणावर संशय घेत नाही, फक्त साराम्मा चेडत्तीच्या बोटांना खडू लागलेला होता एवढंच सांगतो. त्यानंतर दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी 'मेंबर' असं लिहून टाकलं. तेव्हा शाजीचा मला बँकेत फोन आला. "कुरियन सार, तुमच्या मुलीला निवडणुकीला उभं करायचा विचार आहे का? असेल तर आधी सांगा." मी शपथ घेऊन नाही म्हटलं. मग एका स्थळं जुळवणाऱ्या बाईने 'सून' लिहिलं आणि पुढे स्वतःचा फोन नंबर.

ट्रीसाने चौकात जाणं बंद केलं. दूध आणायचं असलं तर ती मागच्या रबराच्या बागेतून वळसा घालून जायची. मैत्रिणी आल्या तर डोकं दुखतंय म्हणायची. घरात ती पूर्वीसारखीच वागायची, जेवायची, आईला मदत करायची, पण तिचं माझ्याशी बोलणं 'हो' आणि 'वाढू का' यांवर आलं. अठरा वर्षं ज्या पोरीच्या बडबडीला मी 'जरा पेपर वाचू दे' म्हणत आलो, ती गप्प झाल्यावर मला पेपरात काही वाचण्यासारखं सापडेना.

फ्लेक्स उतरवायचा असं मी ठरवलं. आणि लावण्यापेक्षा उतरवणं अवघड असतं हे मला तेव्हा कळलं.

पंचायतीची नोटीस मला आधीच आली होती. विजेच्या खांबाला विनापरवाना बांधलेला फलक त्वरित काढावा. मी आनंदाने पंचायतीत गेलो. तिथले साहेब म्हणाले, काढा, पण खांबाला हात लावू नका, खांब वीज कार्यालयाचा आहे. वीज कार्यालयात सांगितलं, खांब आमचा, फलक आमचा नाही, आणि आमच्या खांबावर परक्या माणसाने चढणं गुन्हा आहे. आमचा माणूस चढेल, पण त्यासाठी फलकाच्या मालकाचा अर्ज हवा.

"मालक मीच."

"कशावरून? मोठा फोटो तर मेंबरांचा आहे."

शाजी मेंबर म्हणाला, माझा फोटो असलेला फलक माझ्याच वॉर्डात मीच काढायला लावला तर विरोधी पक्ष काय म्हणेल? निदान चर्चच्या जत्रेपर्यंत राहू द्या. लोक बघतात.

"लोक वाचतातसुद्धा," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय. चर्चा चालू आहे. चर्चा चांगली."

अशा मनःस्थितीत मी एका सकाळी बँकेत निघालो होतो. सवयीने मान खाली घालून चौक ओलांडत होतो, तरी नजर गेलीच. टिंबांवरचं सगळं स्वच्छ पुसलेलं होतं आणि काळ्या रंगाने, उजवीकडे वर चढत जाणाऱ्या अक्षरांत, नवीन लिहिलं होतं.

'माणिकुन्नमची भावी अजून ठरलं नाही ट्रीसा कुरियाकोस.'

वर चढत जाणारी ती ओळ मी पहिलीपासून बघत आलोय. तिच्या प्रत्येक वहीत, प्रत्येक प्रगतिपुस्तकाखाली बाई लिहायच्या: ओळ सरळ ठेवावी. लाज वाटेल म्हणून रबराच्या बागेतून दूध आणणारी ही पोरगी भर चौकात भिंतीवर चढून हे लिहून गेली होती. मग बँकेत न जाता लाइनमन सोमनच्या घरी गेलो.

सोमनचं माझ्या बँकेत खातं आहे आणि तो भला माणूस आहे. "अर्जबिर्ज राहू द्या, सार," तो म्हणाला. "मी खांबावर चढतो आणि वरची गाठ सोडतो. तुम्ही झाडाकडची सोडा. फक्त दोन मिनिटं लाइन बंद करावी लागेल."

लाइन बंद करणं ही या योजनेतली चूक होती. टळटळीत दुपार, मे महिना, आणि गावातला प्रत्येक पंखा एकदम थांबला. माणिकुन्नममध्ये एरवी त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मी वर्की चेट्टनची शिडी आंब्याला टेकवून वर पोचतो न पोचतो तोच घराघरांतून माणसं बाहेर आली, कुणाच्या हातात विंझणा, कुणाच्या हातात वर्तमानपत्र. लाइट का गेली हे बघायला आलेल्यांना मी दिसलो.

"कुरियन, काय करतोस वर?" वर्की चेट्टन ओरडला. "ती शिडी माझी आहे ना?"

"तुमचीच आहे."

"मग तिसऱ्या पायरीवर पाय देऊ नकोस!"

ती मी आधीच ओलांडली होती, म्हणजे आता उतरायचा प्रश्न होता. तेवढ्यात सोमनने त्याच्या बाजूची गाठ सोडली. मला वाटलं होतं, फ्लेक्स हळूहळू खाली सरकेल. तो झेपावला. वाऱ्याने फुगून गर्रकन फिरला आणि माझ्याभोवती गुंडाळला गेला. पुढचं मला दिसलं नाही, ऐकू मात्र सगळं आलं. बाहेरून बघणाऱ्यांना म्हणे असं दिसत होतं की शाजी मेंबर आंब्याच्या झाडावर हात जोडून उभे आहेत आणि त्यांना घाम फुटलाय.

"खाली उडी मार!" एक जण म्हणाला.

"मारू नकोस!" दुसरा म्हणाला.

"जर्मनीत अशा कामाला यंत्र असतं," साराम्मा चेडत्ती म्हणाली.

मी शिडीला मिठी मारून उभा होतो. आत रंगाचा आणि नव्या प्लॅस्टिकचा वास कोंडला होता. या वयात, ओळखीच्या सगळ्या माणसांसमोर, एका मेंबरच्या पोटात अडकून मरणं मला काही फारसं योग्य वाटेना. इतक्यात भिंतीवर पायांचा आवाज झाला, कापड माझ्या डोक्यावरून कुणीतरी ओढलं आणि उजेड आला. भिंतीवर ट्रीसा उभी होती. घरातल्या चपला, केस विसकटलेले. धावत आली असावी.

"हालू नका, अप्पा. मी शिडी धरलीय."

"तिसरी पायरी..."

"माहीत आहे. वर्की चेट्टन आल्यापासून तेच ओरडतायत."

मी शिडीवर, ती भिंतीवर, आमचे चेहरे जवळजवळ समोरासमोर आले. खाली सगळं गाव. इतक्या दिवसांनी आम्ही एकमेकांकडे नीट बघत होतो.

"ते मी लिहिलं," ती हळूच म्हणाली.

"ओळखलं मी."

"राग आला?"

"ओळ सरळ ठेवत जा," मी म्हणालो.

तिला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. "मला खरंच माहीत नाही, अप्पा. मी लपवत नाहीये. सगळे विचारतात, आणि प्रत्येक वेळी वाटतं की बाकीच्यांना शाळेत काहीतरी सांगितलं आणि त्या दिवशी मी गैरहजर होते. तुम्ही फोन केलात ना बिजूच्या दुकानातून, तेव्हा मी कुकर बंद करायचाही विसरले. मला वाटलं, उत्तर नाही दिलं तर माझ्यामुळे तुमचं काहीतरी अडून राहील."

"काही अडलेलं नव्हतं, मोळे. फक्त बिजूचा कागद अडला होता."

"मग का विचारलंत?"

"तुला काय हवंय ते सांग," मी म्हणालो. "व्हायचं काय ते नको. हवंय काय?"

"एक वर्षभर मला कुणी विचारू नये," ती म्हणाली. "मी काहीतरी शिकेन. रिकामी बसणार नाही. पण विचारू नये."

मी खाली वळलो. आयुष्यात मी कधी सभेत बोललो नव्हतो, पण शिडी आपोआपच व्यासपीठ झाली होती. "ऐका," मी म्हणालो. "आजपासून एक वर्ष माझ्या मुलीला, पुढे काय करणार, असं कुणीही विचारायचं नाही."

गाव विचारात पडलं.

"एक वर्ष फार होतं," वर्की चेट्टन म्हणाला. "ओणमपर्यंत ठेव."

"एक वर्ष."

"ख्रिसमस. हा शेवटचा शब्द."

"मी विचारणार नाही," साराम्मा चेडत्ती म्हणाली, "पण सुचवलं तर चालेल ना?"

"सुचवायचंही नाही."

"मग मी तुमच्या घरी येऊन बोलू काय?"

"हवामान," खांबावरून सोमन म्हणाला.

एवढ्यात स्कूटरवरून खुद्द शाजी मेंबर आला. स्वतःचा फोटो चुरगळून माझ्या पायांशी लोंबताना बघून त्याचा चेहरा पडला, पण जमलेली गर्दी बघून लगेच वर आला. त्याने एका मिनिटात सगळं समजून घेतलं आणि हात जोडून जाहीर केलं की तरुण पिढीच्या मनावरचा ताण हा आपल्याही काळजीचा विषय आहे आणि वॉर्डाच्या वतीने एक वर्ष मंजूर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते तसंही बराच वेळ उकाड्यात काहीतरी व्हायची वाट बघत होते.

टाळ्या थांबल्यावर मागून एक बारीक आवाज आला.

"मलापण तोच नियम लावाल का?"

सगळ्यांनी वळून बघितलं. वर्की चेट्टनच्या मागे जोबिन उभा होता. कोटाशिवाय तो फारच लहान दिसत होता.

"तुला कशाला?" वर्की चेट्टन म्हणाला. "तुझं ठरलंय."

"हो, आजोबा," जोबिन म्हणाला. "ठरलंय. पण कुणी मला विचारलंच नाही."

वर्की चेट्टनने तोंड उघडलं आणि मिटलं. कुवेतहून परत आल्यापासून असं झाल्याचं निदान मला तरी आठवत नाही. मग तो माझ्याकडे वळून खेकसला, "तू उतर आधी! शिडी मोडशील!" आणि त्याने स्वतः येऊन शिडीची दुसरी बाजू धरली. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला भिंतीवरून उतरलेली ट्रीसा. मी तिसऱ्या पायरीवर पाय दिला, ती मोडली, आणि उरलेलं अंतर मी त्या दोघांच्या अंगावरून खाली आलो.

जुलैत ट्रीसाने शहरातल्या कॉलेजात भूगोलाला प्रवेश घेतला. का, ते मी विचारलं नाही, मला मनाई होती. एकदा जेवताना तीच आपणहून म्हणाली, "आपल्या नदीला उन्हाळ्यात पाणी का नसतं ते सरांनी सांगितलं," आणि मग ताटातलं थंड होईपर्यंत ती नदीबद्दल बोलत होती. लिस्सीने आणि मी मधे एकही प्रश्न विचारला नाही. समोरचा जोबिनचा फ्लेक्स एक दिवस गेला. जोबिन डॉक्टरकीची परीक्षा पुन्हा देतोय, पण या वेळी आजोबांनी त्याला आधी विचारलं, असं ऐकतो. गावाने शब्द पाळला. साराम्मा चेडत्तीला फार जड गेलं. ती येऊन जर्मनीतल्या हवामानावर बोलायची.

आणि मग एका रविवारी ती आली, तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. लिस्सीने कप्पा, म्हणजे साबुदाण्याचे उकडलेले कंद, आणि माशाची लाल आमटी केली होती. साराम्मा चेडत्ती खुर्ची ओढून बसली, बर्फाचं सांगून झालं, पावसाचं सांगून झालं, आणि बोलायला काही उरलं नाही तेव्हा तिची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली.

"कुरियन, येत्या मार्चमध्ये तू निवृत्त होतोयस ना रे? मग पुढे काय?"

माझा घास हातातच राहिला. मार्च मला माहीत होता. बँकेत त्यावर थट्टाही चालायची. पण मार्चच्या पलीकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

"अजून तसं काही..." मी म्हणालो.

"अंदाजे तरी? कोंबड्या? दुकान? तुझ्या वयाच्या माणसाचं एव्हाना काहीतरी ठरलेलं असतं."

मी लिस्सीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून असं दिसलं की तिलाही उत्तर ऐकायचंय. काहीतरी सांगावं, कोंबड्या म्हणून टाकावं, असं मनात आलं, आणि कोंबड्यांचं नक्की काय करतात ते आठवेना.

ट्रीसाने आमटीचं भांडं उचललं, माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला, आणि साराम्मा चेडत्तीकडे वळून शांतपणे म्हणाली,

"आंटी, त्यांच्या मागे लागू नका ना. अजून त्यांचं वय ते काय!"

मी मान खाली घातली आणि मासा खाऊ लागलो.